आधी हिशेब, मग गोडवा: हंगामी कामाच्या ठिकाणी विश्वास कसा बांधायचा

एप्रिलच्या मध्यावर, आंब्याच्या कलमांवर फळ तयार असताना आणि वाशीच्या घाऊक बाजाराची गाडी भरायची असताना, पॅकिंग शेडवरची चार माणसं एकदम येईनाशी होतात. मग ओळखीच्या एखाद्या बागायतदाराचा मला फोन येतो. "जानेवारीत सगळ्यांना गणपतीपुळ्याला नेलं, टी-शर्ट दिले, जेवण घातलं. तरी असं वागली." मी विचारते, मागच्या वर्षीची उचल-बाकी मिटली होती का? बहुतेक वेळा पलीकडून आधी काहीच बोलणं येत नाही. नंतर कळतं की दोघा-तिघांचे जादा तासांचे पैसे "नंतर बघू" म्हणून राहिलेत.

मी रत्नागिरीच्या किनारपट्टीवर आंब्याच्या पॅकिंग शेडचं काम बघते. हा लेख दहा ते तीस माणसं असलेल्या कामासाठी आहे. त्यात आंब्याचं पॅकिंग आलं, काजूचा कारखाना आला, पर्यटकांची खोल्या-खानावळ आली. माणसं बांधून ठेवायला लोक जे करतात, त्यातलं बरंचसं चांगलंच असतं. क्रम तेवढा उलटा असतो. जेवण आणि सहल सातव्या टप्प्यावर येतात, तिथेच ती शोभतात.

## तयारी: मोहोर दिसायच्या आत

ही तयारी नोव्हेंबर-डिसेंबरात करा. आंबा उतरायला लागला की कुणालाही वेळ नसतो.

जुनी वही उघडा. प्रत्येकाच्या नावापुढे घेतलेली उचल, दिलेले पैसे आणि राहिलेले पैसे लिहा. तुमच्याकडून देणं असेल तर हंगामाच्या बोलणीआधी ते देऊन टाका, मग रक्कम दीडशे रुपये का असेना. त्यांच्याकडून येणं असेल तर किती आणि कसं फेडायचं ते त्यांच्याशी एकट्याने बोला. जुन्या बाकीवर नवं काम सुरू केलं की माणूस पहिल्या दिवसापासून मनात वजाबाकी करत बसतो.

दुसरं, माणसांची यादी करा आणि नावापुढे चार गोष्टी लिहा: कुठल्या वाडीतला, कुणाच्या ओळखीने आला, शेडवर नातं कुणाशी आहे, आणि बोलणं कुणाशी बंद आहे. आपल्याकडे अर्धी भांडणं कामातून निघत नाहीत. बांधावरून निघतात, भावकीतून निघतात, देवळातल्या मानावरून निघतात. ती सकाळी आठला डब्याबरोबर शेडवर येतात. तुम्हाला ती सोडवायची नाहीत, पण माहीत असायला हवीत. ही वही कपाटात कुलुपात ठेवा. ती चार जणांच्या हाती लागली तर पुढचं सगळं वाया.

तिसरं, स्वतःला तीन प्रश्न विचारा. १९९५ साली मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी मांडलं की माणूस दुसऱ्यावर विश्वास टाकताना तीन गोष्टी जोखतो: याला काम येतं का, याला माझं भलं हवंय का, आणि हा बोलतो तसा वागतो का. तुमची माणसं तुमच्याबद्दल यातल्या कुठल्या प्रश्नाला "नाही" म्हणतील? कामाची शंका असलेल्या ठिकाणी गोड बोलून भागत नाही आणि शब्द मोडलेल्या ठिकाणी मिठाईने भागत नाही. ज्या प्रश्नाला उत्तर "नाही" आहे, त्या टप्प्यावर जास्त वेळ द्या.

तपासा: वहीत एकाही नावापुढे "नंतर बघू" उरलेलं नाही ना?

## टप्पा १: पैशांची बोलणी सगळ्यांसमोर

बोलणी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आणि सगळ्यांसमोर करा. एकेकाला बाजूला घेऊन वेगवेगळा दर ठरवणं हे विश्वास मोडायचं सगळ्यात जुनं कारण आहे. दर वेगळे असू शकतात. वर्गवारी करणाऱ्या हाताला आणि पेट्या उचलणाऱ्या हाताला वेगळा दर असतो, आणि तो का, हे सगळ्यांच्या देखत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर दर चुकला आहे.

यात या गोष्टी बोला, आणि याच क्रमाने:

१. दिवसाची मजुरी आणि कामाची वेळ.
२. जादा तास कुठून मोजायचे आणि त्याचा दर. कारखाना म्हणून नोंद असलेल्या ठिकाणी जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो.
३. पैसे कोणत्या वारी मिळणार. हंगामी कामाला आठवड्याचा हिशेब बरा, आणि तोही आठवडा बाजाराच्या आदल्या दिवशी. महिन्याच्या पगारावर असलेल्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे.
४. उचल जास्तीत जास्त किती आणि ती कशी कापणार.
५. येण्याजाण्याचं भाडं, दुपारचा चहा, डबा गरम करायची सोय.
६. फळ खराब झालं तर काय. या मुद्द्यावर टप्पा ३ वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

मग प्रत्येकाला एक छोटी वही द्या. रोजची हजेरी आणि जादा तास तिच्यात लिहायचे. तुमच्या वहीत असेल तेच ज्याच्या त्याच्या वहीत. लिहिता येत नसेल त्याला, ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे असा माणूस लिहून देईल. मुकादमाने परस्पर लिहायचं नाही. नेपाळहून राखणीला आलेले गडी असतील तर त्यांच्याशी हिंदीत नीट बोला आणि आकडे त्यांच्यासमोर मांडा. "त्यांना कळलं असेल" हे गृहीत धरू नका. मोबाईलवरून पैसे पाठवत असाल तरी वही ठेवाच. फोनवर रक्कम दिसते, ती कशाची हे दिसत नाही.

सावध: "यंदा भाव चढला तर सगळ्यांचं बघू" असं म्हणू नका. वाशीचा भाव तुमच्या हातात नाही. तुम्ही सहज म्हणून बोललेलं वाक्य कामाला आलेल्या वहिनीने मुलाच्या फीच्या हिशेबात धरलेलं असतं.

## टप्पा २: पहिले दहा दिवस, लहान शब्द

पहिल्या दहा दिवसांत मोठं काही जाहीर करू नका. लहान गोष्टी कबूल करा आणि घड्याळ लावून पाळा. चहा साडेदहाला म्हटलात तर साडेदहाला. संडासात पाणी असेल म्हटलात तर सकाळी जाऊन स्वतः बघा. संध्याकाळी सहाला टेम्पो वाड्यांवर सोडेल म्हटलात तर सहा वाजता टेम्पोची चावी चालकाच्या हातात असली पाहिजे, मग पेट्या वीस राहोत की पन्नास.

टेम्पोचं मी मुद्दाम सांगते. शेवटची एसटी चुकली की बाईमाणसाला कातळावरून अंधारात दोन-तीन किलोमीटर चालावं लागतं. घरी सासू दारात उभी असते. असं दोनदा झालं की घरातून "उद्यापासून जाऊ नको" येतं, आणि तुम्हाला वाटतं बाई न सांगता गेली. तिने सांगितलेलंच असतं, टेम्पो किती वाजता सुटणार हे रोज विचारून.

एखादा शब्द पाळता येणार नाही असं दिसलं तर वेळ व्हायच्या आधी सांगा. चहाची पावडर संपली हे दहा वाजता सांगितलं तर अडचण असते, अकराला सांगितलं तर फसवणूक वाटते.

तपासा: अकराव्या दिवशी एका कागदावर दहा दिवसांत दिलेले शब्द लिहा आणि मोडलेल्यांवर फुली मारा. दोनपेक्षा जास्त फुल्या असतील तर पुढे जाऊ नका. आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## टप्पा ३: चूक सांगायची वाट मोकळी करा

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे आणि लोक तो गाळतात.

आंब्याला मार लागला की लगेच दिसत नाही. हिरवं फळ वरून ठणठणीत असतं. पेंढ्यात पिकायला लागलं की मार लागलेली जागा काळी, मऊ पडते, आणि तोवर पेटी कुणा गिऱ्हाईकाच्या घरी उघडलेली असते. देठ मुळातून तुटून चीक सालीवर ओघळला तर डागही असाच मागाहून उठतो. म्हणजे ज्या क्षणी चूक घडते, त्या क्षणी ती फक्त करणाऱ्यालाच माहीत असते. त्याने सांगितलं तर पेटी वाचते, नाही तर नाही. काजूत फुटलेला गर चांगल्यात मिसळणं असो की खोल्यांच्या धंद्यात एकच खोली दोघांना कबूल होणं असो, सगळीकडे हेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे टेम्पोतून उतरवताना एक क्रेट घसरला. गड्याने फळं गोळा करून परत भरली आणि गप्प राहिला. पेट्या गेल्या, पाचव्या दिवशी व्यापाऱ्याची तक्रार आली. मी सगळ्यांना उभं करून विचारलं, कुणी बोललं नाही. रागाच्या भरात मी सगळ्यांचीच अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. ते माझं चुकलं, आणि त्याची किंमत मी उरलेला सगळा हंगाम मोजली. त्या दिवसानंतर मला कुणीही काहीही सांगितलं नाही. वजनकाटा बिघडलेला सांगितला नाही, पेंढा ओला आलाय हे सांगितलं नाही. शेड शांत झाली आणि मला वाटलं शिस्त आली.

हार्वर्डच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयातल्या पथकांचा अभ्यास करताना असंच काहीसं उलटं दिसलं. चांगल्या चालणाऱ्या पथकांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे त्या बोलून दाखवता येत होत्या. तेव्हा शेडवर एकही चूक कानावर येत नसेल तर समाधान मानू नका.

वाट अशी मोकळी करायची:

१. रोज काम संपताना पाच मिनिटं टेबलापाशी उभं राहायचं. बसायचं नाही, लांबवायचं नाही.
२. पहिली चूक तुम्ही तुमची सांगायची, आणि ती खरी हवी. "आज बारा डझनाचा ऑर्डरचा कागद मी उशिरा दिला, त्यामुळे तुम्हाला पेट्या पुन्हा उघडाव्या लागल्या." असं आठवडाभर तुम्ही एकट्यानेच बोललात तरी चालेल.
३. प्रश्न "कुणी केलं?" नाही. "कुठे अडलं?" असा विचारा.
४. कुणी पहिल्यांदा काही सांगितलं की तुमचं पहिलं वाक्य "बरं झालं आत्ता सांगितलंस" हे असलं पाहिजे. दुसरं वाक्य, "आता ती पेटी कुठे आहे?" तिसरं काही नको. सगळी शेड त्या क्षणी तुमच्या चेहऱ्याकडे बघत असते.
५. सांगितलेल्या चुकीवरून दुसऱ्या दिवशी एक तरी गोष्ट बदला. आमच्याकडे पडलेल्या क्रेटसाठी दाराजवळ एक लाल टोपली ठेवली. पडलेलं फळ तिच्यात टाकायचं, नाव सांगायचं नाही. ते वेगळं पिकवून इथेच विकायचं.

मग मजुरी कापायची की नाही? तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. हातून झालेली आणि सांगितलेली चूक: एक पैसा कापायचा नाही. तीच चूक पुन्हा पुन्हा: काम शिकवा, नाही जमलं तर काम बदला. जाणूनबुजून लपवणं: त्या माणसाशी एकट्याने, स्पष्ट बोला, आणि पुन्हा झालं तर काम थांबवा. तिघांना एकच शिक्षा लावली की सगळेच लपवायला शिकतात. हा नियम ठरला की टप्पा १ मधला सहावा मुद्दा सगळ्यांसमोर बोलून टाका.

सावध: सांगितलेली चूक नंतर कधी चेष्टेतही काढू नका. "तुझा क्रेट आठवतो ना?" एवढं एक वाक्य पुरतं.

## टप्पा ४: जोड्या लावणं

माणसं आपापल्या वाडीच्या माणसांजवळ उभी राहतात. पहिला आठवडा राहू द्या. नणंद-भावजय एकत्र आल्या असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी तोडू नका, एकमेकींच्या आधारानेच त्या घराबाहेर पडलेल्या असतात.

दुसऱ्या आठवड्यापासून एका वेळी एकच जोडी बदला, आणि अशा कामावर जिथे एकाचा हात दुसऱ्याशिवाय चालत नाही. एक वजन करतो, दुसरा वर्गवारी लावतो. एक झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, फळ उतरवतो, दुसरा खाली क्रेट सावरतो. बोलणं बंद असलेल्यांना "एकत्र काम केलं की मिटेल" म्हणून जोडीला लावू नका. ते मिटत नाही, फळ आपटतं.

मालवणकडे रापण ओढताना बघितलं असेल तर ही गोष्ट लगेच कळेल. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकलेलं असतं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकं माणसं ओढतात. कोण जोर लावतो हे शेजाऱ्याला दिसतं, आणि मासळीचे वाटेही तिथेच, सगळ्यांसमोर पडतात. शेडवरही हे आणता येतं. दिवसाला किती पेट्या झाल्या हे फळ्यावर लिहा, पण माणसाच्या नावाने लिहू नका, टेबलाच्या नावाने लिहा.

## टप्पा ५: रजा, शिमगा आणि लग्नं

हंगामातल्या निम्म्या रुसव्यांचं मूळ इथे आहे. शिमगा नेमका आंबा सुरू होताना येतो. कुठल्या गावचा तेरसा शिमगा, कुठल्या गावचा भद्रेचा, पालखी कुठल्या वाडीत कधी, हे प्रत्येकाचं वेगळं. ज्याच्या घराला पालखीचा मान आहे, तो येणारच नाही. त्याला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घराला गावात खाली बघायला लावणं.

म्हणून जानेवारीतच मोठी दिनदर्शिका भिंतीवर लावा. प्रत्येकाने आपल्या गावचा शिमगा, जत्रा आणि घरातलं लग्न स्वतःच्या हाताने लिहायचं. शेडवर मुसलमान कामगार असतील तर रमजानचे दिवस आणि ईद त्याच कागदावर, त्याच अक्षरात. मग एका दिवशी जास्तीत जास्त किती जण सुटू शकतात ते ठरवा. गर्दी झाली तर कुणी थांबायचं हे त्यांना आपसात ठरवू द्या आणि यंदा थांबलेल्याला पुढच्या वेळी पहिला नंबर द्या. तुमच्या भाच्याचंही नाव त्याच कागदावर, त्याच नियमात.

मे सरताना भाताच्या बियाण्याची गडबड सुरू होते. ती तारीख कुणीच नेमकी सांगू शकत नाही, पाऊस ठरवतो. तेव्हा शेवटच्या आठवड्यात कमी माणसांचा अंदाज धरूनच माल कबूल करा.

तपासा: कुणी "बरं नाही" असं खोटं कारण सांगून पालखीला गेलं का? गेलं असेल तर दोष कागदात शोधा.

## टप्पा ६: भांडण आणि तक्रार

भांडण झालं की त्याच दिवशी, दोघांशी वेगवेगळं बोला, मग एकत्र. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक अक्षरही नको. मुकादमाकरवी निरोप नकोत, त्याचा स्वतःचा जीव एका बाजूला अडकलेला असू शकतो. घरचं भांडण असेल तर "इथे टेबलापुरतं कसं वागायचं" एवढंच बोला.

एक गोष्ट मात्र भांडण म्हणून मिटवायची नाही. बाईला त्रास दिल्याची तक्रार आली तर "समजावून सांगतो" म्हणून बाजूला सारू नका. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निदान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. १० पेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. लेखी तक्रारीची मुदत साधारण ३ महिने आहे. समितीची नावं आणि फोन शेडच्या दारावर, वाचता येतील अशा उंचीवर लावा. हंगाम सुरू व्हायच्या दिवशीच लावा, कारण काही घडल्यावर लावलेला कागद कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळतं.

## टप्पा ७: आता जेवण

मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, एक दिवस ठरवा. तो दिवस पगारी असू द्या. सकाळी आधी हिशेब: प्रत्येकाची वही तुमच्या वहीशी जुळवा, बाकी हातात द्या, सही घ्या. मगच जेवण. हिशेब जेवणानंतर ठेवला तर माणूस घास घेताना आकडे मोजत असतो.

जेवणाचा वार विचारून ठरवा. सोमवार, संकष्टी बघा, कोण काय खातो ते बघा, शाकाहारी भांडी वेगळी ठेवा. शेडवरच्या बायांनाच चुलीला लावू नका, त्यांची ती सुट्टी आहे. दारू नको, नाहीतर पुढच्या वर्षी बायका येणार नाहीत. दिवेलागणीच्या आत सगळे घरी पोचले पाहिजेत. भाषण करू नका. कुणाचं कुठलं काम नडीला आलं हे ज्याचं त्याला, जवळ जाऊन सांगा: "त्या दिवशी पेंढा ओला आहे हे तू सांगितलंस, म्हणून चाळीस पेट्या वाचल्या."

निघताना प्रत्येकाला विचारा, पुढच्या हंगामात एक गोष्ट बदलायची तर कुठली? उत्तरं त्यांच्यासमोर लिहून घ्या. त्यातल्या दोन तरी नोव्हेंबरपर्यंत करा आणि बोलणीच्या दिवशी पहिल्यांदा त्याच वाचून दाखवा. गणपतीत, चाकरमान्यांनी घरं भरलेली असताना, सगळ्यांच्या घरी दर्शनाला जाऊन या. त्या भेटीत कामाचा विषय काढू नका.

तपासा: मागच्या वर्षीच्या यादीतली किती माणसं यंदा परत आली ते मोजा. न आलेल्यांना फोन करून कारण विचारा आणि ते वहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवा.